विश्लेषण : जंताचे औषध पाजूनही शेळ्या का खंगतात? कळपात औषधाला न जुमानणारे जंत तयार कसे होतात, पसरतात कसे?

परतूर (जि. जालना) : पहिला पाऊस पडून महिना-दीड महिना झाला, रान हिरवे झाले की शेळी-मेंढीपालकांची एक तक्रार हमखास ऐकू येते. जंताचे औषध मे महिन्यातच पाजून झालेले असते. बाटली नेहमीचीच, डोसही नेहमीचाच. तरी काही शेळ्या खंगत जातात, केस राठ होतात, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबू लागते. मग पुन्हा तेच औषध आणले जाते. एखादे करडू दगावते आणि दोष ‘औषध बोगस निघाले’ यावर येऊन थांबतो.

औषध कधी कधी खरोखरच निकृष्ट असते. मात्र दुसरी एक शक्यता अनेकांच्या लक्षातच येत नाही. औषध चांगले असते, पण जंत आता त्याला दाद देत नाहीत. याला औषधरोध किंवा ‘ड्रग रेझिस्टन्स’ म्हणतात. परतूर, मंठा, घनसावंगीसारख्या कोरडवाहू तालुक्यांत अडीअडचणीला रोख पैसा देणारी वस्तू म्हणजे दावणीची शेळी. त्यामुळे हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नाही.

थोडक्यात

• औषधामुळे जंत ‘सवयीचे’ होत नाहीत. आधीच असलेले मोजके चिवट जंत औषधातून वाचतात आणि त्यांचीच पिलावळ वाढते.
• सगळ्या कळपाला एकाच वेळी, वारंवार आणि अंदाजे डोस देण्याने हे लवकर घडते.
• विकत आणलेल्या जनावराच्या पोटातून चिवट जंत नव्या गोठ्यात येतात.
• औषध लागू पडते की नाही, हे लेंडीच्या तपासणीतून साधारण दोन आठवड्यांत कळू शकते.

सर्वाधिक नुकसान करणारा जंत कोणता?

शेळ्या-मेंढ्यांच्या पोटात अनेक प्रकारचे गोल जंत असतात. त्यातला सर्वांत घातक म्हणजे ‘हिमाँकस कॉन्टॉर्टस’. तो पोटाच्या चौथ्या कप्प्यात राहतो आणि रक्त पितो. मादी साधारण दोन ते तीन सेंटिमीटर लांबीची. रक्ताने भरलेले लाल आतडे आणि त्याभोवती पिळ घातलेले पांढरे गर्भाशय यामुळे ती लाल-पांढऱ्या पिळाच्या दोरीसारखी दिसते. इंग्रजीत त्याला न्हाव्याच्या दुकानाबाहेरील पट्ट्यापट्ट्यांच्या खांबावरून नाव पडले आहे.

एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त कमी करतो. आकडा किरकोळ वाटतो. पण एका शेळीच्या पोटात असे हजार जंत असतील तर रोज ५० मिलिलिटर रक्त जाते. २५ किलोच्या शेळीच्या अंगात एकूण रक्तच साधारण पावणेदोन लिटर असते. म्हणजे रोज जवळपास तीन टक्के रक्त कमी. चारा चांगला असेल तर शेळी काही काळ ही तूट भरून काढते. चारा कमी पडला, शेळी गाभण असली किंवा नुकती व्याली असली की ती कोसळते.

या जंतामुळे हगवण लागेलच असे नसते. लेंड्या नेहमीसारख्याच पडतात, म्हणून दुर्लक्ष होते. उलट लेंडीत भाताच्या शितासारखे पांढरे तुकडे दिसले की पशुपालक घाबरतात. ते तुकडे बहुधा पट्टकृमीचे असतात आणि हा कृमी तुलनेने कमी नुकसान करतो. रक्त पिणाऱ्या जंताची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत, त्यासाठी सूक्ष्मदर्शकच लागतो.

जंत एका शेळीतून दुसरीत कसे जातात?

थेट जात नाहीत. मधे रान लागते. एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. ही अंडी लेंडीबरोबर जमिनीवर पडतात. ऊब आणि ओल मिळाली की आठवडाभरात त्यातून संसर्गक्षम अळी तयार होते. दवाच्या किंवा पावसाच्या पाण्याच्या पातळ थरातून ती गवताच्या पात्यावर चढते. दुसरी शेळी ते गवत खाते आणि साधारण तीन आठवड्यांत तिच्या पोटात नवी मादी अंडी घालू लागते.

हिशेब करून पाहा. एका शेळीच्या पोटात हजार जंत, त्यातल्या निम्म्या माद्या आणि प्रत्येकीची किमान पाच हजार अंडी. एकच शेळी रोज २५ लाख अंडी रानात टाकते. सगळी जगत नाहीत, पण एवढ्या प्रचंड संख्येत थोडाफार वेगळा निपजलेला जंत असणारच. औषधरोधाची सुरुवात इथून होते.

औषध जंताला मारते म्हणजे नेमके काय करते?

बाजारात नावे शेकड्याने असली तरी नेहमी वापरली जाणारी औषधे मोजक्या गटांत मोडतात. प्रत्येक गट जंताच्या शरीरातील वेगळ्या जागेवर घाव घालतो.

• बेंझिमिडाझोल गट (अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल) : जंताच्या पेशींत सूक्ष्म नळ्यांचा सांगाडा असतो. तो ‘बीटा ट्युब्युलिन’ या प्रथिनापासून बनतो. औषध या प्रथिनाला चिकटते, सांगाडा उभा राहत नाही, जंताला अन्न शोषता येत नाही आणि तो उपासमारीने मरतो.
• लेव्हामिसोल गट : जंताच्या स्नायूंना सतत आकुंचनाचा संदेश मिळतो. तो आखडतो आणि पोटातून बाहेर फेकला जातो.
• आयव्हरमेक्टिन गट : जंताच्या मज्जातंतूंतील विशिष्ट मार्गिका उघड्या राहतात. तो लुळा पडतो, त्याला खाताही येत नाही.
• क्लोसँटेलसारखी औषधे : जंताच्या पेशींतील ऊर्जानिर्मिती बिघडवतात. रक्त पिणाऱ्या जंतांवर आणि यकृतातील चपट्या कृमीवर ती वापरली जातात.

कुलूप आणि किल्लीसारखेच हे आहे. औषध ही किल्ली, जंताच्या शरीरातील ती जागा हे कुलूप. कुलपाची घडण किंचित बदलली की किल्ली बसत नाही.

मग औषधरोध नेमका कशामुळे येतो?

बेंझिमिडाझोल गटात याचे उत्तर शास्त्रज्ञांना नेमके सापडले आहे. बीटा ट्युब्युलिन प्रथिन अमिनो आम्लांच्या लांब साखळीने बनते. या साखळीतील २०० व्या जागी फेनिलअ‍ॅलनिनऐवजी टायरोसिन आले की औषध नीट चिकटत नाही. १६७ आणि १९८ या जागांवरील बदलांमुळेही तसेच होते. साखळीतला एक मणी बदलला एवढेच, पण जंत वाचतो. जंताचे स्वतःचे काम त्या बदललेल्या प्रथिनाने चालते.

हा बदल औषधाने घडवून आणलेला नसतो. तो काही जंतांत आधीपासूनच असतो किंवा अंडी तयार होताना योगायोगाने होतो. औषध फक्त चाळणीचे काम करते. समजा, कळपात मिळून दहा हजार जंत आहेत आणि त्यातले दहा चिवट आहेत. औषध पाजले, ९,९९० मेले. शेळ्या तरतरीत झाल्या, औषध उत्तम चालले. पण पुढचे तीन आठवडे रानात जी अंडी पडतील ती त्या दहा जणांचीच. त्यांच्या पिलांकडे तोच बदल वारशाने जातो. हीच चाळण वर्षानुवर्षे लावत गेलो की हजारात एक असलेला जंत शंभरात एक, मग दहात एक होतो.

अडचण अशी की या प्रवासाचा बराच काळ पशुपालकाला काहीच जाणवत नाही. ८० टक्के जंत मेले तरी शेळी सुधारलेलीच दिसते. औषध ‘अचानक’ बंद पडल्यासारखे वाटते, तेव्हा चिवट जंतांनी कळपात आधीच बहुमत मिळवलेले असते.

मे महिन्यातला डोस आणि मराठवाड्याचे ऊन यांचा संबंध काय?

जंतांच्या अभ्यासकांच्या भाषेत ‘रेफ्युजिया’ ही एक कळीची कल्पना आहे. मराठीत ‘आसरा’ म्हणता येईल. औषध पाजले त्या दिवशी ज्या जंतांपर्यंत ते पोहोचलेच नाही ते सगळे या आसऱ्यातले. रानात गवतावर असलेल्या अळ्या आणि औषध न दिलेल्या शेळ्यांच्या पोटातले जंत त्यात येतात. त्यांतले बहुतेक साधे, औषधाने मरणारे असतात. औषधातून वाचलेल्या चिवट जंतांशी त्यांचा संकर होतो आणि चिवटपणा पातळ होत राहतो. दुधात पाणी घालावे तसे. फक्त इथे पाणी घालणे फायद्याचे असते.

परतूरच्या पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये तापमान ४० अंशांच्या वर जाते. गवत वाळलेले, जमीन तापलेली. अशा रानात बहुतेक अळ्या करपून जातात. त्या काळात जंत जिवंत असतात ते मुख्यतः जनावरांच्या पोटातच. त्यातले अनेक जण पोटाच्या अस्तरात वाढ थांबवून पावसाची वाट पाहत पडून असतात.

आता याच वेळी गावातल्या सगळ्या शेळ्यांना एकजात औषध पाजले, तर रानातही आसरा नाही आणि पोटातही नाही. वाचले ते फक्त चिवट. पहिला पाऊस पडतो तेव्हा हिरव्या रानावर पहिली पेरणी त्यांच्या अंड्यांची होते.

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात असाच अनुभव आला. तिथे कोरड्या, कडक उन्हाळ्यात सर्व मेंढ्यांना औषध देण्याची पद्धत जंत आटोक्यात ठेवण्यासाठी फार प्रभावी मानली जाई. तीच पद्धत औषधरोध वेगाने वाढवत असल्याचे पुढे स्पष्ट झाले आणि काही मेंढ्यांना औषधाविना ठेवण्याचा सल्ला देण्यात आला.

याचा अर्थ पावसाळ्यापूर्वीचा डोस बंद करा, असा नाही. अशक्त शेळीला औषधाविना ठेवणे म्हणजे तिला मरू देणे. पण ‘सगळ्यांना, एकाच दिवशी, दरवर्षी तेच औषध’ या सरधोपट पद्धतीला पर्याय शोधावा लागेल, हे नक्की.

कोणत्या चुकांमुळे औषधरोध लवकर वाढतो?

• वजनाचा अंदाज : डोस वजनावर ठरतो. ३५ किलोची शेळी नजरेने २५ किलोची धरली तर तिला गरजेच्या ७१ टक्केच औषध मिळते. पूर्ण डोसने मेले असते असे अर्धवट चिवट जंत मग वाचतात.
• शेळीला मेंढीचा डोस : शेळीचे यकृत अनेक जंतनाशके मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकते. त्यामुळे मेंढीसाठी ठरलेला डोस शेळीला बऱ्याचदा कमी पडतो. मात्र डोस किती वाढवायचा हे औषधागणिक बदलते. लेव्हामिसोल जास्त झाले तर विषबाधा होते आणि क्लोसँटेलच्या अतिमात्रेने दृष्टी जाऊ शकते. हा निर्णय पशुवैद्यकांचाच.
• तोंडात पुढेच औषध ओतणे : औषध जिभेच्या मागच्या भागावर सोडावे लागते. पुढे ओतले तर ते कधी कधी पोटाचा पहिला मोठा कप्पा टाळून पुढे निघून जाते आणि बेंझिमिडाझोलचा परिणाम कमी होतो.
• नाव वेगळे, औषध तेच : तीन कंपन्यांच्या तीन बाटल्या आलटून पालटून वापरल्या, पण तिन्हींत अल्बेंडाझोलच असेल तर औषध बदललेच नाही. बाटलीवरचे बारीक अक्षरातील घटकाचे नाव पाहायला हवे.
• वारंवार डोस : दर महिन्याला ‘सुरक्षिततेसाठी’ औषध पाजणे म्हणजे दर महिन्याला चाळण लावणे.
• औषध पाजून लगेच नव्या रानात : औषध दिलेला कळप त्याच दिवशी कोऱ्या, कधी न चरलेल्या रानात सोडला तर ते रान केवळ वाचलेल्या चिवट जंतांच्या अंड्यांनी भरते.

एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात कसा पसरतो?

जंत स्वतः काही पावलांपलीकडे जात नाही. त्याला गावोगाव नेतात ती जनावरे. आठवडी बाजारातून आणलेली शेळी, पैदाशीसाठी दुसऱ्या जिल्ह्यातून आणलेला बोकड, नातेवाइकांकडून अर्धलीने आलेले पाट, योजनेतून मिळालेला दहा शेळ्या आणि एका बोकडाचा गट. कोणत्याही जनावराच्या पोटात मूळ गोठ्यातले चिवट जंत असू शकतात. जनावर तब्येतीने चांगले दिसते, कान-दात पाहून घेतले जाते. पोटातला वारसा मात्र दिसत नाही.

दुसरा मार्ग सामाईक चराईचा. गायरान, पडीक जमीन, दुधना नदीकाठचे ओले गवत इथे अनेकांच्या शेळ्या एकत्र चरतात. एकाने वर्षानुवर्षे अंदाजे डोस दिला तर त्याचे फळ सगळ्यांच्या कळपांना मिळते. सुगीनंतर शेतात खतासाठी मेंढ्या बसवण्याची पद्धत मराठवाड्यात जुनी आहे. मेंढपाळांचे कळप शेकडो किलोमीटर फिरतात. त्यांच्यासोबत जंतांचेही स्थलांतर होते, साधे आणि चिवट दोन्ही.

ही समस्या नवी आहे का?

नाही. जगभर एकच चक्र पुन्हा पुन्हा फिरले आहे. थायबेंडाझोल हे या गटातले पहिले औषध १९६१ मध्ये आले. १९६४ मध्ये अमेरिकेत मेंढ्यांच्या जंतांत त्याला रोध आढळला. आयव्हरमेक्टिन १९८१ मध्ये बाजारात आले. ते इतके प्रभावी होते, की त्यामागील संशोधनासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चे नोबेल मिळाले. पण १९८० चे दशक संपण्याआधीच दक्षिण आफ्रिकेतील मेंढ्यांत त्याला न जुमानणाऱ्या हिमाँकसची नोंद झाली होती. मोनेपँटेल हे नव्या गटातले औषध २००९ मध्ये न्यूझीलंडमध्ये आले आणि २०१३ मध्ये तिथूनच ते निष्प्रभ ठरल्याची नोंद प्रसिद्ध झाली.

भारतात १९७६ मध्येच मेंढ्यांतील हिमाँकसमध्ये फेनोथायझिन आणि थायबेंडाझोल या औषधांना रोध असल्याचे प्रसिद्ध झाले होते. १९९५ मध्ये एकाच मेंढीफार्मवरील जंत एकाहून अधिक गटांच्या औषधांना न जुमानणारे असल्याचे भारतीय संशोधकांनी मांडले. म्हणजे एक औषध चालेना म्हणून दुसरे, दुसरे चालेना म्हणून तिसरे, हा मार्गही कुठे तरी संपतो. नवा गट सापडायला दशके लागतात, जंताला मात्र काही वर्षे पुरतात.

२०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या आणि सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत. त्यांचा मोठा भाग दोन-चार ते पंधरा-वीस जनावरे पाळणाऱ्या कुटुंबांकडे आहे.

औषध चालते की नाही, हे कसे ओळखायचे?

आधी एक खबरदारी. शेळी सुधारली नाही म्हणजे औषधरोधच, असे नाही. औषधाची मुदत संपलेली असू शकते, बाटली उन्हात राहिलेली असू शकते. पोटात यकृतातील चपटा कृमी असेल तर लेव्हामिसोल किंवा आयव्हरमेक्टिन त्यावर चालतच नाही. करडांना कॉक्सिडिया असेल तर जंताच्या औषधाचा उपयोग शून्य. गोचिडांमुळेही रक्त कमी होते. शिवाय औषधानंतर शेळी पुन्हा त्याच रानात चरली तर तीन-चार आठवड्यांत नवे जंत तयार होतात.

खात्री करण्याची मान्य पद्धत म्हणजे लेंडीतील अंड्यांची घट मोजणे. दहा-पंधरा जनावरांची ताजी लेंडी औषधाच्या दिवशी घेतली जाते. नेमक्या वजनावर डोस दिला जातो. साधारण १४ दिवसांनी त्याच जनावरांची लेंडी पुन्हा तपासली जाते.

समजा, पहिल्या तपासणीत एक ग्रॅम लेंडीत सरासरी १,२०० अंडी होती. दुसऱ्या वेळी ६० किंवा त्याहून कमी निघाली तर घट ९५ टक्के किंवा जास्त, म्हणजे औषध चालते. ३०० निघाली तर घट केवळ ७५ टक्के, म्हणजे औषधरोधाची दाट शंका. शेळी दोन्ही प्रसंगी सुधारलेली दिसू शकते. फरक दिसतो तो आकड्यांत.

मराठवाड्यासाठी परभणी आणि उदगीर येथे शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. परतूर-परभणी रेल्वेने जोडलेलेही आहे. मात्र नमुना पाठवण्याआधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारणा करणे सोयीचे.

सगळ्यांना औषध द्यायचे नाही, तर कोणाला द्यायचे?

कळपात जंत सारखे वाटलेले नसतात. साधारण २० ते ३० टक्के जनावरे बहुतेक जंतांचा भार वाहतात. ती ओळखून फक्त त्यांनाच औषध देता आले तर जीवही वाचतो आणि बाकीच्यांच्या पोटात साध्या जंतांचा आसराही टिकतो.

हिमाँकससाठी ओळखण्याची सोपी खूण डोळ्यात आहे. खालची पापणी हलकेच ओढून आतल्या त्वचेचा रंग पाहायचा. लालबुंद असेल तर रक्त पुरेसे, पांढरट असेल तर रक्त कमी. दक्षिण आफ्रिकेत पशुवैद्यक फाफा मलान यांच्या कल्पनेतून यासाठी पाच रंगांचा तक्ता तयार झाला. त्यांच्याच नावावरून त्याला ‘फामाचा’ म्हणतात.

• रंग १ आणि २ (लाल, गुलाबी-लाल) : औषधाची गरज नाही.
• रंग ३ (गुलाबी) : करडे, गाभण आणि दुभत्या शेळ्यांना द्यावे, इतरांवर लक्ष ठेवावे.
• रंग ४ आणि ५ (फिकट, पांढरा) : लगेच औषध आणि डॉक्टरांचा सल्ला.

पावसाळ्यात ही तपासणी दर दोन आठवड्यांनी करावी लागते. पापणी पांढरी दिसण्यामागे गोचीड किंवा चपटा कृमीही असू शकतो, हे लक्षात ठेवायचे. तक्ता कसा वापरायचा हे एकदा डॉक्टरांकडून शिकून घेतलेले बरे.

राजस्थानातील अविकानगर येथील केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेनेही औषधांचे डोस कमी करण्याच्या दिशेने काम केले आहे. ठरावीक तारखांना वारंवार औषध देण्याऐवजी पावसाळ्याच्या मध्यावर किंवा उत्तरार्धात नेमका डोस देण्यावर तिथे भर देण्यात आला. तेव्हा रानात अळ्या मुबलक असतात, त्यामुळे चिवट जंत पातळ होण्याची सोय आपोआप राहते.

औषधाशिवाय आणखी काय करता येते?

• उंच चारा : अळ्या बहुतेक गवताच्या खालच्या काही सेंटिमीटरमध्ये असतात. शेळी मुळात झाडपाला ओरबाडणारी. बाभूळ, बोर, सुबाभूळ, शेवरी यांचा पाला मिळाला तर अळ्या पोटात जाण्याचे प्रमाण घटते.
• दव उतरल्यावर चराई : ओल्या, आखूड गवतावर भल्या सकाळी सोडणे टाळावे.
• रान आलटून पालटून : शेळ्या-मेंढ्यांचे आणि गायी-म्हशींचे बरेच जंत वेगळे. शेळ्यांनी चरलेल्या रानात मोठी जनावरे चरली की ती शेळ्यांच्या अळ्या खाऊन संपवतात. शेळ्या आणि मेंढ्यांचे जंत मात्र एकच, त्यामुळे त्यांची अदलाबदल उपयोगाची नाही.
• पिकाचे धसकट : ज्या शेतात हंगामभर जनावर गेले नाही, तिथे सुगीनंतर अळ्या जवळपास नसतात. करडांसाठी अशी जागा राखावी.
• खुराक : चांगले प्रथिन मिळालेली शेळी जंतांचा भार अधिक सोसते. व्यायच्या आगेमागे शेळीची प्रतिकारशक्ती कमी होते आणि ती जास्त अंडी टाकते. त्या काळात खुराकात कसर नको.
• नव्या जनावराला वेगळे ठेवणे : आणल्यावर बंदिस्त ठेवून डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध, दोन आठवड्यांनी लेंडीची तपासणी आणि मगच कळपात.

आणखी एक लांब पल्ल्याचा मार्ग निवड पैदाशीचा. साताऱ्यातील फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने (नारी) दख्खनी आणि बन्नूर मेंढ्यांचा सुंदरबनातील गारोल मेंढीशी संकर केला. दलदलीच्या भागातली ही छोट्या चणीची मेंढी. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गारोल रक्ताच्या कोकरांच्या लेंडीत जंतांची अंडी तुलनेने कमी आढळली. वाढीचा वेग मात्र कमी होता. म्हणजे जंतांना तोंड देण्याची ताकद काही अंशी वारशाने मिळते, पण तिची किंमत मोजावी लागू शकते. छोट्या पशुपालकालाही यातून एक गोष्ट घेता येते. दरवर्षी औषधाविना तग धरणाऱ्या शेळीची पाट ठेवायची आणि सतत औषध लागणारी आधी विकायची.

याचा माणसांशी काही संबंध आहे का?

शेळीतला हिमाँकस सहसा माणसाचे नुकसान करत नाही. पण औषध तेच आहे. १० फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांत मुलांना दिली जाणारी गोळी अल्बेंडाझोलचीच. हत्तीरोगाच्या मोहिमेतही अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन वापरतात. त्यामुळे पशुवैद्यकातील हा अनुभव माणसांच्या आरोग्यासाठीही इशारा म्हणून पाहिला जातो. मुलांची गोळी टाळण्याचे मात्र हे कारण नाही.

पशुपालकांनी आत्ता काय करावे?

सुरुवात तीन गोष्टींनी करता येते. पहिली, घरातली बाटली उलटून त्यातील घटकाचे नाव वहीत लिहून ठेवणे. कोणत्या तारखेला, कोणत्या शेळीला, किती दिले हेही. दुसरी, तराजू किंवा छातीच्या घेराची टेप वापरून वजन काढणे. तिसरी, औषधाआधी आणि १४ दिवसांनी ताजी लेंडी स्वच्छ पिशवीत घट्ट बांधून, सावलीत ठेवून त्याच दिवशी दवाखान्यात देणे. नमुन्यावर शेळीची खूण लिहावी. गाभण शेळीला, विशेषतः सुरुवातीच्या महिन्यात, अल्बेंडाझोल विचारल्याशिवाय देऊ नये. त्याने गर्भात दोष येऊ शकतात. आजारी जनावर हलवता येत नसेल तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

एकट्याने केलेली काळजी मात्र गायरानावर अपुरी पडते. कळप वेगळे असले तरी चरण्याची जागा एक, म्हणून जंतही सगळ्यांचे एकच. आष्टी असो की वाटूर, एकाच रानात चरणाऱ्या पाच-सहा घरांनी मिळून लेंडी तपासून घेतली, तर कोणते औषध अजून चालते हे सगळ्यांना एकदम कळते. जे अजून चालते ते टिकवणे, हेच सध्या सर्वांत स्वस्त औषध आहे.